डावं पान

डबा विसळून, ओल्या हातांनी दार ढकलत ती आपल्या टेबलाकडे येत होती, तेव्हा विक्रीखात्याच्या काचेमागे पाचसहा माणसं एकाच फोनवर वाकून हसत होती. हसण्याचं तिला काही वाटलं नाही. या कारखान्यात लोक हसायचे. लहान मुलांच्या घसरगुंड्या आणि झोपाळे जिथे बनतात तिथे सुतकी चेहऱ्यानं वावरणं कोणालाच फार दिवस जमत नसे. पण ती दिसल्याबरोबर ते हसणं थांबलं, आणि नळाची तोटी पिरगळावी तसं एकदम थांबलं, त्यावरून तिला कळलं की ते आपल्याबद्दल होतं. तेवढ्यात भांडारवाले जिना चढून वर आले. दम खात कठड्याला टेकले आणि म्हणाले, "मिनिटताई, सात वेळा नक्की का? मला वाटतं पाचच असतील."

"काय पाच?"

"'माझ्या मते' म्हणालो ते. अर्थात मोजणाऱ्या तुम्ही. माझ्या मते पाच." आणि आपण आत्ता पुन्हा तेच म्हणालो हे ध्यानात येऊन ते स्वतःच हसत आत गेले.

ती उभीच राहिली. सात हा आकडा तिनं सकाळी लिहिला होता, पण तो जिथे लिहिला होता तिथे दुसऱ्या कोणाची नजर एकवीस वर्षांत गेली नव्हती. तिनं फोन काढला. बोटं ओली, काच काही केल्या ऐकेना. पदराला बोटं पुसून तिनं 'सोमवार मीटिंग' हा तेरा जणांचा ग्रुप उघडला, आणि तिथे तिच्याच अक्षरात, तिच्याच निळ्या शाईत, वहीचं डावं पान पसरलं होतं.

दर सोमवारी दहा वाजता वरच्या मजल्यावरच्या लांब टेबलाभोवती मीटिंग बसायची आणि तिच्या नोंदी ती घ्यायची. मिनिट्स लिहिणारी म्हणून मिनिटताई. नव्यानं लागलेल्या काहींना तर तिचं आडनावच मिनिट असावं असं वाटायचं. पूर्वी ती नोंदी टाइप करून गुरुवारी सगळ्यांना पाठवायची, आणि त्या कोणीच वाचलेल्या नाहीत हे पुढच्या सोमवारी सिद्ध व्हायचं. तीन आठवड्यांपूर्वी साहेब म्हणाले होते, "ते टायपिंग वगैरे सोडा आता. अक्षर छान आहे तुमचं. मीटिंग संपली की पानाचा फोटो काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा. ताजं ताजं वाचतील लोक." वही उघडली की समोर दोन पानं येतात, हे साहेबांच्या डोक्यात यायचं काही कारण नव्हतं. उजव्या पानावर ती जे ठरलं ते लिहायची. हे तिला आधीच्या साहेबांनी, तिच्या अगदी पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. तिनं तेव्हा पाच पानं भरून आणली होती, कोण काय म्हणालं, कोण कोणावर चिडलं, सगळं. त्यांनी ती शांतपणे वाचली, टाचणी काढली, चार पानं तिला परत दिली आणि म्हणाले, "बाई, जे ठरलं ते लिहायचं. जे झालं ते लिहायचं नाही." ती चार पानं टाकून द्यायला तिचा हात धजेना. पुढच्या सोमवारपासून तिनं वहीचं डावं पान जे झालं त्याच्यासाठी ठेवलं. कोणाला दाखवायला नव्हे. माणूस पायातली चप्पल सारखी करतो, इतक्या सहज ती डावीकडे दोन ओळी लिहायची आणि उजवीकडे वळायची. आज फोटो काढताना कोणीतरी हाक मारली, वही किंचित कलली, आणि फोनच्या चौकटीत नको ती बाजू आली.

ती वाचू लागली. आपलंच लिहिणं बाराजणांच्या डोळ्यांनी वाचताना ते दुसऱ्याच कुणा आगाऊ बाईनं लिहिल्यासारखं वाटत होतं. साहेबांनी नवा चष्मा केलाय, पण वाचायचं झालं की काढून ठेवतात. भांडारवाले 'माझ्या मते' सात वेळा, मत एकदाही आलं नाही. घसरगुंडी पिवळी की नारिंगी, वीस मिनिटं. शेवटी होता तोच रंग. विक्रीतल्या मुलीनं केस कापलेत, छान दिसतात, कोणी काही म्हणालं नाही. आणि सगळ्यात खाली, कागद संपत आला म्हणून बारीक अक्षरात: चाचणीवाले म्हणाले, झोपाळ्याची कडी झिजते. चौथ्यांदा. चहा आला.

फोटो काढून टाकायला हवा होता. तिनं त्याच्यावर बोट दाबून धरलं, काही पर्याय आले, तिनं घाईघाईनं पहिलाच दाबला, आणि पान नाहीसं झालं. एक क्षणभर खरोखर हलकं वाटलं. मग काचेमागून पुन्हा हसू फुटलं आणि तिच्या लक्षात आलं की तिनं ते फक्त स्वतःपुरतं पुसलं होतं. ते पान आता बारा जणांच्या फोनवर होतं आणि जिनं लिहिलं तिच्याच फोनवर तेवढं नव्हतं.

ती खुर्चीत बसली. टेबलावरच्या डब्यातून थेंब ठिबकून एक लहानसं तळं झालं होतं, ते ती बोटानं पसरत राहिली. काय होईल फार तर, ती स्वतःला विचारत होती. साहेब बोलावतील. बोलतील. पुढच्या सोमवारपासून दुसरं कोणी लिहील. लोक बिचकतील, तिच्यासमोर डोकं खाजवायचे थांबतील. हे सगळं एकामागून एक मनात येत होतं आणि त्यातलं काहीच नीट लागत नव्हतं. खाली काहीतरी वेगळंच टोचत होतं आणि ती तिकडे बघायचं टाळत होती. तिला आई आठवली. ती सात वर्षांची असताना आई तापात पडली आणि उठली ती ऐकू येणं घालवूनच. घरात माणसं फार, बोलणं फार, आणि आई मध्ये बसलेली, सगळ्यांच्या ओठांकडे आळीपाळीनं बघत. मग हिच्याकडे काम आलं. पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा आणि पेन्सिल घेऊन ती आईला चिकटून बसायची आणि लोक काय म्हणतात ते भराभर लिहून दाखवायची. सुरुवातीला ती शब्दन् शब्द लिहायची, हात भरून यायचा. आईनंच तो कागद बाजूला केला एकदा. "ते काय म्हणाले हे मला त्यांच्या तोंडावरून कळतं गं," आई म्हणाली, आपला आवाज किती मोठा होतोय हे न कळल्यामुळे जरा मोठ्यानंच, "तू मला काय झालं ते सांग. मावशी आज काकांकडे बघत का नाहीये, ते लिही." आणि सात वर्षांच्या त्या पोरीनं मान वर करून बघितलं तर खरंच, मावशी खोलीतल्या सगळ्यांकडे बघत होती, एक काका सोडून. त्या दिवशी तिला पहिल्यांदा दिसायला लागलं. नंतर ते बंद करता येईना, बस्स, एवढंच.

पण त्याच कागदांवर एक दुपार अशीही होती की मोठे काका आईबद्दलच काहीतरी बोलले, बहिऱ्या माणसासमोर लोक जसं बोलतात तसं, आणि सगळे हसले. आईनं तिच्याकडे पाहिलं. तिनं कागदावर लिहिलं: काही नाही. आईनं ते वाचलं, मग भोवतालच्या हसऱ्या तोंडांवरून नजर फिरवली आणि हळू म्हणाली, "एवढे सगळे हसले, आणि तू दोन शब्द लिहिलेस." रागावली नाही. कागद घडी घालून हातात ठेवला. तिच्यासाठीच तर गाळलं होतं, असं तेव्हा वाटलं होतं. पुढे मोठी झाल्यावर, कधीतरी भाजी चिरताना नाहीतर बसच्या रांगेत, तिला वाटायचं की आईसाठी नव्हे, आपल्याला ते लिहिणं जड गेलं म्हणून गाळलं.

आणि मग ती उठली, कारण जे टोचत होतं ते आता समोर आलं होतं. चौथ्यांदा. चौथ्यांदा हा शब्द तिनं स्वतः लिहिला होता. म्हणजे पहिल्या वेळी तिनं ऐकलं होतं, दुसऱ्या वेळी ऐकलं होतं, तिसऱ्या वेळीही. उजव्या पानावर त्याचा मागमूस नव्हता, कारण ठरलं काहीच नव्हतं. प्रत्येक वेळी चाचणीवाले आपल्या संथ स्वरात "म्हणजे कसंय" असं सुरू करायचे, आणि त्यांचं कसंय ते उलगडायच्या आत कोणीतरी रंगाचं काढायचं, पोचवण्याच्या तारखेचं काढायचं, नाहीतर चहाचा ट्रे यायचा. ते गप्प बसायचे. आणि ही समोर बसून डाव्या पानावर त्याची छानशी ओळ करायची. चहा आला. किती नेमकं लिहिलं म्हणून मनातल्या मनात खूश व्हायची.

चाचणीचं आवार कारखान्याच्या मागच्या बाजूला होतं. तिथे एक लांब लोखंडी चौकट, तिला टांगलेले चार झोपाळे, आणि प्रत्येकावर वाळूचं पोतं बसवलेलं: वीस किलोचं, तीसचं, चाळीसचं, आणि एक साठचं, मुलांच्या झोपाळ्यावर बसायचा मोह न आवरणाऱ्या मोठ्या माणसांसाठी. एक यांत्रिक हात त्यांना सतत ढकलायचा आणि भिंतीवरचा आकडा पुढे सरकायचा. चाचणीवाले पोत्याची उसवलेली शिवण दाभणानं शिवत बसले होते. उंच, वाकलेले, साठीला आलेले गृहस्थ. झोपाळ्यांच्या तालात त्यांची मान किंचित हलायची, इतक्या वर्षांची सवय. ती जवळ गेली तरी त्यांनी दोरा पूर्ण ओढून घेतला आणि मग वर पाहिलं.

"मला माफी मागायची होती," ती म्हणाली. "ते पान चुकून गेलं. म्हणजे तुमच्याबद्दल तसं काही वाईट—"

"तुम्ही ऐकलं होतं तर," चाचणीवाले म्हणाले.

त्यांच्या आवाजात राग आहे का, हे ती शोधत होती. आयुष्यभर लोकांच्या तोंडाकडे बघून ओळखत आलेल्या तिला या एका चेहऱ्यावरचं काही वाचता येईना.

"मला वाटायचं माझा आवाजच पोचत नाही," ते म्हणाले. "घरी विचारलं मी बायकोला, माझं बोलणं हल्ली बारीक झालंय का गं? ती म्हणाली, दूध उतू चाललं की चांगले ओरडता की. तरी मागच्या आठवड्यात डॉक्टरांना दाखवून आलो. त्यांनी आ करायला लावलं, बॅटरी मारून बघितलं. घसा ठणठणीत आहे म्हणाले." त्यांनी दाभण पोत्याला टोचून ठेवलं. "आज ते पान वाचलं तेव्हा बरं वाटलं मला. पोचत होता म्हणजे."

ती रडेल की हसेल हे तिचं तिलाच ठरवता येईना. डोळे भरून आले आणि तोंडावर घशातल्या बॅटरीचं हसू. "मी लिहायला हवं होतं," ती म्हणाली. "उजवीकडे."

"लिहिता कसं येईल? ठरलं कुठे होतं काही." ते हे अगदी समजुतीनं म्हणाले, आणि त्या समजुतीनंच तिला जास्त लागलं. मग खिशातून त्यांनी एक लोखंडी कडी काढून तिच्या तळहातावर ठेवली. झोपाळ्याची साखळी वर ज्या कडीत अडकते ती. एका बाजूनं ती बोटाएवढी जाड होती आणि दुसऱ्या बाजूनं पेन्सिलीएवढी उरली होती. "लाख हेलकावे सोसायला हवेत तिनं. चाळीस हजारांत ही अशी होते. मागच्या खेपेपासून पुरवठादार बदललाय ना, तेव्हापासून. म्हणजे कसंय, लोखंड मऊ आहे." ते बोलत राहिले आणि ती उभी राहून ऐकत राहिली. मागे चाळीस किलोचं पोतं जात होतं, येत होतं. या खेपेचे साठ झोपाळे एका शाळेसाठी बांधून तयार होते आणि बुधवारी निघायचे होते. आधी गेलेले बारा दोन बागांत लागलेसुद्धा होते.

तीन वाजता साहेबांनी बोलावलं. ती वह्या काखोटीला मारूनच गेली. साहेब पन्नाशीचे, नीटनेटके, कोणाला दुखवायला न आवडणारे आणि त्यामुळेच बरंच काही न ऐकणारे गृहस्थ होते. त्यांनी तिला बसायला सांगितलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत म्हणाले, "नंबर चुकलाय याचा. दुकानदाराला परत जाऊन सांगायची लाज वाटते. तीन आठवडे असाच घालतोय." मग त्यांनी वर बघून विचारलं, "तुम्ही हे असं किती वर्षं लिहिताय?"

"एकवीस."

"माझ्याबद्दल?"

"तुम्ही नऊ वर्षांपूर्वी आलात."

साहेब हसले, मग हसू आवरून फोनकडे बोट दाखवलं. "या बाकीच्याचं काही नाही. लोक खूश आहेत उलट. पण ही खालची ओळ. चौथ्यांदा म्हणजे काय?" तिनं कडीचं सांगितलं. साहेब ऐकत होते आणि त्यांचा चेहरा आकसत चालला होता, बुधवार त्यांच्या डोळ्यांत दिसत होता. "तुमच्या मिनिट्समध्ये हे कुठेच नाही पण," ते शेवटी म्हणाले. "मी आत्ता सगळी फाइल काढून बघितली. झोपाळ्यांच्या रंगाबाबत चर्चा झाली, एवढंच आहे." ते थांबले, आणि पुढचं वाक्य फार सावकाश, जणू ते स्वतःलाच ऐकून बघत होते, "म्हणजे तसं बघितलं तर... हे रीतसर कधी मीटिंगमध्ये आलेलंच नाही."

तिला साफ दिसलं की साहेबांनी एक दार किलकिलं केलंय आणि त्यांना स्वतःला त्यातून जायचं नाहीये, पण कोणी जाऊ दिलं तर ते जातील. आणि ते दार तिचंच होतं. तिनंच एकवीस वर्षं इतकं स्वच्छ, इतकं सुबक लिहिलं होतं की त्यात न झालेलं काहीच सापडू नये, आणि झालेलंही. नुसतं "हो साहेब" म्हणायचं होतं. दोन शब्द. तिच्या जिभेवर आलेही ते, कारण एकवीस वर्षांत या खोलीत तिनं दुसरं फारसं काही म्हटलं नव्हतं.

"आलंय साहेब," ती म्हणाली. "चार वेळा आलंय. तारखा आहेत माझ्याकडे. मी ऐकलंय." आणि मग तिनं पुरं केलं, "लिहिलं नाही ही चूक माझी. पण ऐकलंय मी."

साहेबांनी खूप वेळ चष्म्याची काडी उघडली आणि मिटली. मग चष्मा लावला, काढला, आणि म्हणाले, "चार वाजता सगळ्यांना वर बोलवा."

सोमवारी दुसऱ्यांदा मीटिंग यापूर्वी कधी बसली नव्हती, त्यामुळे लोक जरा गमतीत, जरा धास्तावलेले आले. भांडारवाल्यांनी तोंडावर बोट ठेवून आपण एक शब्द बोलणार नसल्याचं तिला खुणेनं सांगितलं. साहेबांनी तिला उभं राहून वाचायला सांगितलं. तिनं चारही सोमवारच्या नोंदी एका कागदावर उतरवून ठेवल्या होत्या. या टेबलाशी बसून तिनं लाखो शब्द ऐकले होते, स्वतःचा एकही नाही. कसा वाटेल तो इथे, याची तिला कल्पनाच नव्हती. पाण्याचा घोट घेऊन तिनं सुरू केलं. पहिल्या सोमवारी चाचणीवाले कडीचं म्हणाले, पोचवण्याच्या तारखेचा विषय निघाला. दुसऱ्या सोमवारी म्हणाले, कोणाचा तरी फोन वाजला. तिसऱ्या सोमवारी त्यांनी कडी खिशातून काढली होती, टेबलावर ठेवली, आणि तिच्यावर कोणीतरी रंगांचं कार्ड ठेवलं. इथे कोणी हसलं नाही. ते कार्ड ज्यांनी ठेवलं होतं त्यांचे कान लाल झाले, पण तिनं नाव लिहिलं नव्हतं आणि वाचलंही नाही. मध्येच साहेब म्हणाले, "हे कोण लिहून घेतंय?" सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं, आणि ती तर उभी होती. टेबलाच्या कोपऱ्यातून विक्रीतल्या मुलीनं, जिनं केस कापले होते, हात लांबवून तिची वही ओढून घेतली आणि पेनाचं टोपण दातांनी काढलं. "वाचा तुम्ही, मी घेते," ती म्हणाली.

मग चाचणीवाल्यांनी कडी दिली आणि ती हातोहात फिरली. प्रत्येक जण जाड बाजूवरून बारीक बाजूकडे अंगठा नेऊन बघत होता आणि पुढच्याला देताना काही न बोलता देत होता. कोणाला समजावून सांगायची वेळ आली नाही. साठ झोपाळे थांबले. शाळेला साहेब स्वतः फोन करणार होते. दोन बागांतले बारा झोपाळे उद्या सकाळी मुलं यायच्या आत उतरवून आणायचे, आणि त्यासाठी टेम्पो काढायचं काम भांडारवाल्यांनी घेतलं. ते उठले, म्हणाले, "माझ्या—" आणि थांबले, आणि त्यानंतर मात्र सगळे जे हसले ते पार जिन्यापर्यंत ऐकू गेलं असेल. चाचणीवालेही हसत होते. त्यांच्या घशात काही बिघाड नाही, हे कोणालाही कळलं असतं.

खाली उतरताना विक्रीतली मुलगी तिच्या बरोबरीनं चालू लागली आणि वही परत देत म्हणाली, "ताई, घरीसुद्धा कोणाच्या लक्षात आलं नाही हो. केसांचं. शनिवारी कापले. मी रविवारभर मान इकडून तिकडे फिरवून दमले." बोलून तिनं उगाच मानेवरून हात फिरवला. तिला त्या मुलीच्या गालाला हात लावावासा वाटला; तिनं लावलाही, आणि मग दोघी जणी आपापल्या खोलीकडे वळल्या.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा नवरा स्वयंपाकघरातल्या टेबलावर भूमितीचे पेपर तपासत होता. शाळेत शिकवायचा तो. चुकलेल्या वर्तुळांवर इतक्या हळुवार खुणा करायचा की मुलांना आपलं बरोबर आलं असं वाटायचं. तिनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, ओळीनं, काही न गाळता, मोठ्या काकांसकट, जे तिनं त्याला लग्नाच्या सव्वीस वर्षांत सांगितलं नव्हतं. ते ऐकताना त्यानं पेन खाली ठेवलं. पण स्वतःपुरतं पुसल्याचं आलं तेव्हा त्याला हसू आवरेना, चष्मा काढून डोळे पुसायला लागला. "म्हणजे सगळ्या गावानं वाचलं, आणि तू एकटीच सुटलीस," तो म्हणाला. मग पेपरातलं वर्तुळ उगाच पुन्हा बघत, "घरचंही लिहितेस का असं? डाव्या पानावर?"

"लिहिते की."

"माझ्याबद्दल?"

"पान पुरत नाही," ती म्हणाली आणि पाणी प्यायला वळली. तिची पाठ होती तरी तो खूश झाल्याचं तिला दिसत होतं.

पुढचा सोमवार आला. मधल्या आठवड्यात लोक तिच्यासमोर जरा सरळ बसत होते, पण ते बुधवारपर्यंतच टिकलं. साहेब नव्या नंबरचा चष्मा लावून आले आणि त्यांनी पहिल्यांदाच समोरचा कागद न अडखळता वाचला. नंतर ते म्हणाले, "आज आधी चाचणी." चाचणीवाले उठून उभे राहिले, एरवी कोणी उठत नसे. त्यांनी खिशातून चार घड्यांचा कागद काढला, अर्धा उलगडला, आणि म्हणाले, "म्हणजे कसंय."

मग ते बोलले. कडीचं बोलले, नव्या लोखंडाचं बोलले, लोखंड तापवून थंड कसं करतात हे बोलले, तेल कुठलं वापरायचं आणि त्याचा वास कसा असतो. पोत्यांसाठी वाळू कोणती बरी, ओली वाळू का चालत नाही. एकोणीस वर्षांपूर्वीच्या एका सी-सॉबद्दल बोलले, त्याचा इथे काय संबंध ते कोणालाच कळलं नाही. त्यांचं बोलणं, खरं सांगायचं तर, विलक्षण कंटाळवाणं होतं. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. भांडारवाले पेन फिरवायला लागले. विक्रीतल्या मुलीनं जांभई नाकातून सोडली. चहाचा ट्रे दारात आला आणि कपांचा किणकिणाट झाला, तसे चाचणीवाले वाक्याच्या मध्यावर थांबले आणि त्यांनी ट्रेकडे बघितलं. जुनी सवय, खांदे खाली यायला लागले होते.

तिचा हात आधीच वर गेला होता. लिहिताना तो इतका भरून आला होता की बोटं पुरती उघडतही नव्हती. "थोडं थांबा," ती ट्रे घेऊन आलेल्या बाईला म्हणाली, आणि चाचणीवाल्यांकडे वळून, "ओल्या वाळूपर्यंत झालंय माझं. पुढे सांगा."

ते तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी कागदाची शेवटची घडी उघडली, आणि आतल्या बाजूलाही मजकूर होता. टेबलाभोवती कोणीतरी बारीकसं कण्हलं. तिनं पेन झटकलं आणि लिहायला घेतलं.